संध्याकाळी विजेचा भाव युनिटला 10 रुपयांवर का अडकतो?

केंद्रीय विद्युत नियामक आयोगाचे अध्यक्ष आणि सदस्य यांस,

मागणी एकच आहे. वीज-एक्स्चेंजवर कोणत्या विक्रेत्याने दिवसातल्या कोणत्या पंधरा मिनिटांना किती वीज, किती भावाने देऊ केली, ते दुसऱ्या दिवशी नावानिशी लोकांसमोर ठेवा.

उद्याच्या विजेच्या बोली रोज सकाळी 10 ते 12 लागतात. दिवसाचे 96 ब्लॉक, एकेक 15 मिनिटांचा. दुपारी सौर वीज इतकी येते की मे 2025 मध्ये रिअल टाइम, म्हणजे ऐनवेळच्या खरेदीच्या, बाजारात काही ब्लॉकना भाव शून्यावर टेकला. दिवस मावळला की टंचाईच्या महिन्यांत तोच भाव 10 रुपयांच्या मर्यादेला भिडतो आणि तासन् तास तिथून हलत नाही. मार्च 2022 मध्ये भाव 20 रुपयांवर गेला, तेव्हा तुम्ही 12 ची मर्यादा घातलीत, 2023 मध्ये ती 10 वर आणलीत. चांगलं केलंत. पण पुढे काय?

हिशेब करा. एक हजार मेगावॉट म्हणजे एका ब्लॉकला अडीच लाख युनिट. भाव 6 रुपये निघाला तर 15 लाख, 10 निघाला तर 25 लाख. सात ते अकरा या चार तासांत 16 ब्लॉक, म्हणजे एका संध्याकाळी 1 कोटी 60 लाखांचा फरक, तोही फक्त हजार मेगावॉटवर! आणि ब्लॉकचा भाव सगळ्यांना एकच, त्यामुळे ज्याला वीज 4 रुपयांत पडते त्याच्याही पदरात 10. वितरण कंपनी हे स्वतःच्या खिशातून भरत नाही. महागात घेतलेली वीज इंधन समायोजन आकार म्हणून इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याच्या आणि घरोघरच्या बिलात येते.

टंचाई खरी असेलही. मग ती दिसू द्या! आज आम्हाला दिसते ती मागणी-पुरवठ्याची बेरीज. कुणी 4 रुपयांची बोली लावली, कुणी थेट 10 ची, कोणता संच चालू असून वीज बाजारात आलीच नाही, यातलं काहीच कळत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वीज बाजारात प्रत्येक उत्पादकाची बोली दुसऱ्या दिवशी नावासह जाहीर होते आणि बाजार तरीही रोज भरतो. तेव्हा व्यापारी गोपनीयतेचं कारण आम्हाला सांगू नका.

बाजारातलं वर्चस्व आणि त्याचा गैरवापर रोखण्यासाठी 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 60 ने तुम्हाला अधिकार दिले आहेत. ते वापरायला आणखी किती उन्हाळे जायला हवेत? बोलीच झाकलेल्या असतील, तर गैरवापर झाला की नाही हे ग्राहकाने तपासायचं कसं? तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून आम्ही दरमहा बिल भरतो आहोत. पुढचा उन्हाळा लागण्याआधी बोलींची पहिली यादी प्रसिद्ध करा.

महाराष्ट्रातला एक वीजग्राहक