‘फक्त तोच करू शकतो’ : सीमेवरचे ठेके आणि मेरिटवाल्यांचे मौन

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत दरवर्षी काही मुले सीमा सुरक्षा दलाच्या शिपाई भरतीचा फॉर्म भरतात. पाच किलोमीटर २४ मिनिटांत पळायचे म्हणून पहाटे अंधारात रस्त्यावर उतरतात. लेखी परीक्षा, उंची, छाती, डोळे, कागदपत्रे असे एकेक दार पार करावे लागते. जातीच्या दाखल्यावरच्या नावात एक वेलांटी चुकली तरी पोरगा तहसीलच्या चकरा मारतो. एवढे करून लागलाच, तर चौकातला कुणीतरी म्हणतोच, “तुमचे काय बाबा, कोटा आहे तुम्हाला.”

आता त्याच सीमेकडे जाणारे दुसरे दार बघा. सीमेवर पाळत कशी ठेवावी याचा अभ्यास करायचा आहे, कॅमेरे आणि सेन्सर यांची यंत्रणा आखायची आहे, ती चालवायला तांत्रिक साहाय्य पुरवायचे आहे. हे कामही सरकारी पैशातूनच होते. पण इथे स्पर्धा टाळण्याची सोय नियमातच आहे. फाइलवर एक वाक्य लिहिले की पुरते : हे काम फक्त हीच संस्था करू शकते.

माझे भांडण या वाक्याशी आहे. कोणत्याही एका कंपनीवर किंवा अधिकाऱ्यावर मी आरोप करत नाही. व्यवस्था कुणाला पळायला लावते आणि कुणाला न पळता आत घेते, एवढेच मला दाखवायचे आहे.

आधी नियम पाहू. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम १६६ एकल निविदेचा आहे. वस्तू एकच उत्पादक बनवत असेल, आणीबाणी असेल, किंवा जुन्या यंत्राला जुळणारे सुटे भागच हवे असतील, तर एकाच पुरवठादाराकडून खरेदी करता येते. नियम १९४ सल्लागार नेमण्याबाबत आहे. आधीच्या कामाचा स्वाभाविक पुढचा टप्पा, तातडी, किंवा एकाच सल्लागाराकडे असलेले कौशल्य, अशा अपवादात्मक परिस्थितीत थेट नामांकनाने काम देता येते. त्याच नियमात चौथी खिडकीही आहे. पुरेसे समर्थन असेल तर मंत्रालयाच्या किंवा विभागाच्या एकूण हितासाठी विशिष्ट सल्लागार निवडता येतो. ‘एकूण हित’ हा शब्द किती ताणता येतो हे सरकारी कचेरीचा उंबरठा झिजवलेल्या माणसाला सांगायला नको.

नियम स्वतःच ‘अपवाद’ म्हणतो. सर्वोच्च न्यायालयानेही २००६ मध्ये मेरठ नगर निगम विरुद्ध अल फहीम मीट एक्सपोर्ट्स या खटल्यात हेच सांगितले. सरकारी कंत्राट जाहीर लिलाव किंवा निविदेनेच द्यावे, नामांकन हा दुर्मीळ अपवाद, नाहीतर ते अनुच्छेद १४ च्या समतेविरुद्ध जाते. केंद्रीय दक्षता आयोगाने २००७ मध्ये या निकालाचा आधार घेऊन सगळ्या खात्यांना परिपत्रक काढले. म्हणजे जाहीर स्पर्धा हा कारकुनी सोपस्कार नाही, तो संविधानातल्या समतेचा भाग आहे.

मग सीमा सुरक्षेचेच नाव का घ्यायचे? कारण अपवादाची सगळी कारणे इथे एकाच जागी तयार मिळतात. तातडी कायमची असते, तंत्र ‘खास’ असते, आणि पहिला टप्पा झाला की पुढचा त्याचाच ‘स्वाभाविक’ टप्पा ठरतो. जानेवारी २०१६ च्या पठाणकोट हल्ल्यानंतर सीमेवर तंत्रज्ञान आणण्याला वेग आला. सप्टेंबर २०१८ मध्ये जम्मूच्या आंतरराष्ट्रीय सीमेवर साडेपाच-साडेपाच किलोमीटरच्या दोन पट्ट्यांत एकात्मिक सीमा व्यवस्थापनाचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. मार्च २०१९ मध्ये आसामच्या धुब्री जिल्ह्यात ब्रह्मपुत्रेच्या ६१ किलोमीटर नदीपट्ट्यासाठी अशीच यंत्रणा आली. प्रयोग काही किलोमीटरचा असतो, पण बांगलादेशाची सीमा ४०९६ किलोमीटरची आहे. छोट्या प्रयोगात ज्याचे तंत्र बसते, त्याचाच सुटा भाग, त्याचेच सॉफ्टवेअर, त्याचीच देखभाल पुढे लागते. मोठ्या कामाच्या वेळी दुसरा कुणी पात्र उरू नये, अशी व्यवस्था लहान कामातच होऊ शकते. तेव्हा ‘फक्त तोच करू शकतो’ हे खरेही असेल. पण त्याला एकमेव कुणी बनवले?

हे वाक्य आपल्याला नवीन नाही. वेद फक्त यानेच शिकावा, शस्त्र फक्त त्यानेच धरावे, तराजू फक्त त्याच्याच हातात. पिढ्यान्‌पिढ्या इतरांना शिकू द्यायचे नाही आणि मग म्हणायचे, बघा, यांना येतच नाही! बाबासाहेबांनी जातीला श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी म्हटले ते याचसाठी. एका नावाच्या कंत्राटामागचे तर्कशास्त्र तेच आहे. आधी अनुभव मिळू द्यायचा नाही, मग अनुभव नाही म्हणून बाहेर ठेवायचे. आरक्षणाने गुणवत्ता मरते म्हणून मोर्चे काढणारे इथे कुठे असतात? शिपायाच्या एका जागेसाठी ज्यांना मेरिट आठवते, त्यांना जिथे दुसरा उमेदवारच बोलावलेला नाही तिथे मेरिट का आठवत नाही? शंभर टक्के जागा एकाच नावाला राखून ठेवणे, याहून मोठे आरक्षण कोणते?

याचा हिशेब रुपयांतही होतो. २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्राच्या खात्यांनी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून २० टक्के खरेदी करायची होती, २०१८ च्या दुरुस्तीने ती २५ टक्के झाली. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के. या उद्योजकांना हात देण्यासाठी २०१६ मध्ये वेगळे राष्ट्रीय हब काढावे लागले, यावरूनच हे ४ टक्के कसे ‘आपोआप’ मिळतात ते कळते. धोरणातून शस्त्रप्रणाली आणि क्षेपणास्त्रे वगळली आहेत. ठीक आहे. पण कॅमेऱ्याचा खांब क्षेपणास्त्र आहे का? केबल टाकणे, बॅटऱ्या बदलणे, नियंत्रण कक्षाची देखभाल करणे ही शस्त्रे आहेत का? सगळे काम एका गाठोड्यात बांधून एका नावावर दिले, की आमच्या पोराचा छोटा वर्कशॉप त्या दारापर्यंत पोहोचतच नाही. निविदा निघाली तर तो निदान अर्ज भरेल, हरेल, पुढच्या वेळी शिकून येईल. जी निविदा निघालीच नाही, तिच्यात हरण्याचाही हक्क नाही.

काही जण म्हणतील, काम सार्वजनिक कंपनीला दिले तर काय बिघडले? सार्वजनिक क्षेत्राच्या बाजूने मी उभी आहे. तिथे आरक्षण आहे, महालेखापरीक्षकांची तपासणी आहे, म्हणून खासगीकरणाला आपला विरोध आहे. पण नामांकनाने मिळालेले काम सार्वजनिक कंपनी जशास तसे खासगी ठेकेदाराच्या हाती देते, तेव्हा तिचा फक्त शिक्का उरतो. या ‘बॅक टू बॅक’ पद्धतीबद्दल दक्षता आयोगाला २००३ मध्येच खात्यांना लिहावे लागले होते. सार्वजनिक म्हणून दिलेले काम सार्वजनिकच राहिले पाहिजे.

दुसरा आक्षेप गुप्ततेचा. कॅमेरा कुठे लावला, त्याला काय दिसते, हे गुप्तच असावे. पण कंत्राट कुणाला, किती रुपयांना, किती वर्षांसाठी आणि स्पर्धा का टाळली, हे सांगितल्याने कोणता घुसखोर आत येतो? माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ आणि दुसऱ्या अनुसूचीने सीमा सुरक्षा दलाला कायद्याबाहेर ठेवले आहे. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाचे आरोप तेवढे अपवाद. म्हणजे भ्रष्टाचाराचा आरोप केला तर माहिती मिळेल, आणि आरोप करायला आधी माहिती हवी. सामान्य माणसाने या फेऱ्यात फिरत राहायचे.

सीमेच्या नावाने सर्वात जास्त ओरडणाऱ्या अमेरिकेतही स्पर्धेविना दिलेल्या केंद्रीय कंत्राटाचे लेखी समर्थन सर्वसाधारणपणे १४ दिवसांत जाहीर करावे लागते. सुरक्षेला बाधा येणारा मजकूर तेवढा झाकता येतो. मेक्सिको सीमेवरच्या ‘आभासी कुंपणाचे’ काम २००६ मध्ये बोइंगला मिळाले, तेही स्पर्धेतून. अ‍ॅरिझोनातल्या ५३ मैलांवर सुमारे एक अब्ज डॉलर खर्च झाले आणि जानेवारी २०११ मध्ये प्रकल्प बंद करावा लागला. संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेचे अहवाल वर्षानुवर्षे जाहीर होत होते, म्हणून हे अपयश लोकांना कळले. स्पर्धेतून दिलेले काम असे फसू शकते, तर बंद दाराआड दिलेल्या कामावर किती डोळे असावेत?

आणि ‘संशोधन’ म्हणजे फक्त सेन्सर का? १९७५ च्या भारत-बांगलादेश मार्गदर्शक तत्त्वांमुळे कुंपण साधारणपणे शून्य रेषेपासून १५० यार्ड आत उभे राहिले. कित्येक भारतीयांची शेते, काहींची घरेही, कुंपणापलीकडे गेली. स्वतःच्या शेतात जायला फाटक उघडण्याची वेळ बघावी लागते. बंगालच्या या पट्ट्यात नामशूद्र आणि राजबंशी मोठ्या संख्येने राहतात. १९४६ मध्ये जोगेंद्रनाथ मंडलांच्या पुढाकाराने ज्या बंगालने बाबासाहेबांना संविधान सभेत पाठवले, त्याच बंगालचे हे लोक. फाळणीने त्यांच्यातल्या लाखोंना निर्वासित केले. सीमेचा अभ्यास करताना त्यांना प्रश्न कोण विचारणार? संशोधनाचा विषयच ज्याला यंत्र विकायचे आहे तो ठरवणार असेल, तर उत्तर आधीच ठरलेले आहे : आणखी यंत्र घ्या. समाजशास्त्राच्या पहिल्या वर्गात शिकवतात की प्रश्न कोण विचारतो यावर उत्तर अवलंबून असते.

म्हणून मागण्या साध्या आहेत. सीमा सुरक्षेसाठी एका नावावर दिलेल्या प्रत्येक कामाचे कारण, रक्कम आणि मुदत जाहीर करा, तांत्रिक तपशील झाका. अभ्यास करणाऱ्याला त्याच अभ्यासातून निघालेला पुरवठा देऊ नका. तेच काम दुसऱ्यांदा नामांकनाने द्यायचे तर बाहेरच्या तज्ज्ञांकडून पडताळणी करा. शस्त्र नसलेली कामे वेगळी काढून त्यांवर ४ टक्के लागू करा. सार्वजनिक विद्यापीठांच्या समाजशास्त्र विभागांना सीमेवरच्या संशोधनात खुलेपणाने बोलवा. आणि या कंत्राटांचे लेखापरीक्षण संसदेपुढे ठेवा. ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी महालेखापरीक्षकाला संविधानातला बहुधा सर्वात महत्त्वाचा अधिकारी म्हटले होते, ते शोभेसाठी नव्हे.

उद्या पहाटेही आमची मुले पळतील. घड्याळ त्यांच्यावर रोखलेले असेल, आणि त्याला आमची हरकत नाही. मागणी एवढीच, की तेच घड्याळ फाइलवर ‘फक्त तोच’ लिहिणाऱ्यावरही रोखा.

जय भीम! जय संविधान!