भिंतीची ओल : आधी पाणी शोधा, मग रंगारी



पावसाने मुक्काम ठोकला की तुमच्या पत्रांचा विषय बदलतो. लोणची-मुरंबे मागे पडतात आणि ओल पुढे येते. कुणाच्या कपाटातल्या शालूला बुरशी आलीय, कुणाच्या स्वयंपाकघरात गिलाव्याचे पोपडे ताटात पडतायत, कुणाच्या तळघराचं दार उघडलं की कुबट वासाने डोकं उठतं. एका भगिनीने लिहिलंय, "दर दिवाळीला रंग देतो आणि दर आषाढात तो गळून पडतो. हे म्हणतात, पावसाळ्यात सगळ्यांकडेच असं होतं. पण धाकट्याचा खोकला काही हटत नाही."

यातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. ओल्या भिंतीवरची बुरशी फार बारीक कण हवेत सोडते. ज्यांना दमा आहे किंवा ज्यांची छाती नाजूक आहे, त्यांना त्याचा त्रास होतोच. तेव्हा "सगळ्यांकडेच होतं" यावर गप्प बसू नका. आणि कारण न शोधता रंगाऱ्यालाही बोलावू नका. घामोळं आहे की गोवर हे न बघता अंगाला पावडर थापण्यासारखं आहे ते.

पहिलं काम फुकटचं आहे. ओल कुठे दिसते आणि कधी दिसते, एवढं लिहून ठेवा. दुधाचा हिशेब ठेवतो तिथेच, कॅलेंडरच्या मागे.

भर वैशाखातही डाग ओला असेल तर पाऊस बिचारा निर्दोष आहे. भिंतीतला पाण्याचा पाइप गळत असणार. रात्री सगळे नळ बंद करून, टाकीत पाणी चढत नसताना, पातळीची खूण करा आणि सकाळी कुणी नळ सोडायच्या आत पुन्हा पाहा. उतरलेली असेल तर प्लंबरला बोलवा. मोरीच्या सांडपाण्याचा पाइप मात्र यात सापडत नाही. त्यासाठी दोन-चार दिवस ती मोरी बंद ठेवून डाग वाळू लागतो का, ते पाहावं.

दुसरी परीक्षा. हातभर प्लॅस्टिकचा तुकडा ओलसर भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. आतल्या बाजूने पाणी साचलं तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या, आपल्याकडच्या बाजूला दव धरलं तर ती घरातल्या हवेतली आहे.

जुन्या घरांत सर्रास दिसते ती जमिनीतून चढणारी ओल. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पट्टा, आणि त्यावर पांढरा लोणा. शाळेत मुलांना मी खडूचं टोक शाईत बुडवून दाखवते. शाई आपोआप वर चढते. विटेचंही तसंच. नव्या बांधकामात जोत्याशी ओल अडवणारा थर घालतात, जुन्या घरांत बहुधा तो नसतो. पण पूर्वी नव्हती ती ओल आत्ताच का आली, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, जरा अंगणात येऊन उभ्या राहा. रस्त्यावर डांबराचे थरावर थर चढून तीन पायऱ्यांवरचं घर आता एका पायरीवर आलंय का? मोगऱ्याच्या वाफ्याची माती भिंतीला टेकलीय का? फरशीचा उतार घराकडे तर नाही? वाफा भिंतीपासून दूर हलवा. माती जोत्याच्या खालीच राहू द्या. फरसबंदी नव्याने करणार असाल तर चार फुटांना निदान एक इंच उतार घराबाहेरच्या दिशेला हवा, हे गवंड्याला काम सुरू होण्याआधी बजावा. पागोळ्या भिंतीच्या बुडाशीच पडत असतील तर पन्हळ लावून ते पाणी लांब सोडा. पन्हळीतला पालापाचोळा मृगाच्या आधी काढायचा, नाहीतर ती नसल्यासारखीच. यातल्या बऱ्याचशा कामांना रंगाच्या एका डब्याइतकाही खर्च येत नाही!

तळघराचं दुखणं थोडं वेगळं. तिथे चारही बाजूंना भिजलेली माती असते आणि तिच्यातलं पाणी भिंतीवर दाब देतं. आतून कितीही जलरोधक लेप लावा, एक-दोन पावसाळ्यांत तो फुगून सुटण्याची भीती असते. पाणी भिंतीशी पोचण्याआधीच वळवायला हवं. ते जमत नसेल तर एका कोपऱ्यात खड्डा करून त्यात जमणारं पाणी पंपाने उपसावं लागतं. तळघर असलेला बंगला घेणार असाल तर तो मे महिन्यात पाहून सौदा करू नका. एकदा भर पावसात पाहा.

उरली हवेतली ओल. बाहेरची दमट हवा थंडगार शहाबादी फरशीवर आली की फरशीला घाम सुटतो. तळघरात तर हे फारच होतं. म्हणून झड लागलेली असताना तळघराच्या खिडक्या "हवा खेळू दे" म्हणून उघडू नका. त्याने ओल वाढते. उघडीप पडून ऊन आलं की उघडा. घरात वाळत घातलेले एका वेळचे कपडे दोनेक लिटर पाणी सहज हवेत सोडतात, तेव्हा ते पंखा लावून एकाच खोलीत वाळवा आणि त्या खोलीचं दार लावून घ्या. भाताच्या वाफेला वाट द्या. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, ट्रंका विटांवर ठेवा. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र मिळतं. आकडा साठच्या खाली राहिला तर बुरशीला जोर राहत नाही. कोकणातल्या मैत्रिणी यावर हसतील. त्यांच्याकडे आषाढात तो नव्वदीला टेकतो. त्यांनी निदान कपाटापुरतं तरी साधावं, किंवा हवा कोरडी करणारं यंत्र एका खोलीसाठी घ्यावं.

लोणा कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका. धुतला की क्षार विरघळून परत भिंतीत जातात. बुरशीचं उलट. ती कोरडी झाडू नये, नाहीतर घरभर उडते. नाकाला फडकं बांधून साबणाच्या पाण्याने पुसा. ब्लीच वापरलंच तर त्यात संडास धुण्याचं अ‍ॅसिड किंवा व्हिनेगर चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो. आणि ओल विजेच्या बटनांपर्यंत पोचली असेल तर साफसफाई राहू द्या. आधी मेन स्विच बंद, मग इलेक्ट्रिशियन.

आता रंग. दिवाळीआधी घर रंगवायची आपली पद्धत, पण भिंतीने चार महिने पाणी प्यायलेलं असतं. नऊ इंची भिंत सुकायला महिने लागतात. अशा भिंतीवर ऑइलपेंट दिला की आतली वाफ कोंडते आणि फोड येतात. ज्या भिंतीला ओल आहे ती दिवाळीला नुसती खरवडून ठेवा, पाहुणे काही भिंती बघायला येत नाहीत. रंग चैत्रात द्या. जुन्या वाड्याच्या चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू देऊ नका. ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि ती आणखी वर चढते. तिथे चुन्याचाच गिलावा आणि चुन्याचीच सफेदी बरी.

कपाटात ठेवायला कळीचा चुना चालतो. ओलावा ओढून तो फुलत जातो, म्हणून डबा अर्धाच भरावा, झाकणाला भोकं पाडावीत आणि पीठ झालं की बदलावा. ओल्या हाताने धरू नका, भाजतो. आणि लहान मुलांच्या घरात तो सगळ्यांत वरच्या फळीवर.