जोर कमरेचा, हट्ट जड बॅटचा

धोबीपछाड दंडाने नव्हे, कमरेच्या वळणाने बसते, हे येळ्ळूरच्या मल्लांस सांगावे लागत नाही. क्रिकेटमध्ये मात्र आपण हे विसरतो आणि षटकारासाठी मुलाच्या हाती थोरल्यांची जड बॅट देतो. क्रिकेट असो वा बेसबॉल, फटक्याचे बळ पावलांतून उठते व कमरेतून, खांद्यांतून मनगटात उतरते. २०२२ साली सडपातळ ऋतुराज गायकवाड यांनी एका षटकात, नोबॉल धरून, सात षटकार ठोकले. वाढत्या हाडांच्या टोकांशी असलेल्या वृद्धीपट्टिका नाजूक असतात; सततच्या ताणाने त्यांना इजा होऊ शकते. वरच्या हाताने बॅट क्षणभर आडवी धरवत नसेल, तर ती मुलासाठी जडच समजावी. षटकार उशिरा आला तरी चालेल. कोपर शाबूत राहिले पाहिजे.