वेठीचा प्रश्न आणि युरोपचा कायदा

मानवी हक्क हे कोणाच्या कृपेचे दान नव्हे, तद्वतच ती कोणा एका खंडाची मिरासही नव्हे. हे आरंभीच सांगण्याचे कारण असे की, युरोपातील राष्ट्रांनी मानवी हक्कांविषयी काही ठरविले की आपल्याकडे दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, परकीयांनी आमच्या घरात डोकावू नये. दुसरा पक्ष म्हणतो, आता तेच आमची सुटका करतील. आमच्या मते हे दोन्ही पक्ष चुकीचे आहेत, आणि त्यांची चूक धाराशिव जिल्ह्याच्या शिवारातच दाखवून देता येते.

1941 च्या फेब्रुवारीत याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदारांची परिषद भरली व डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला उपस्थित राहिले. प्रश्न वतनाचा होता. वतन हे नाव मोठे. परंतु त्याचा अर्थ रात्री-अपरात्री सरकारी निरोप पोहोचविणे आणि त्याच्या मोबदल्यात जमिनीचा तुकडा व बलुत्याची भाकरी स्वीकारणे, एवढाच होता. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. ही साखळी केवळ गावरूढीने घडविलेली नव्हती. मुंबई इलाख्यात तिला 1874 च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्याचा आधार होता, आणि तो कायदा इंग्रजांनी केलेला होता. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात त्याला दुरुस्ती सुचविली. जुन्या मुंबई राज्यापुरता कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हावयास 1958 साल उजाडले. युरोपच्या मुखातून निघालेला प्रत्येक शब्द न्यायाचा असतो, असे मानणाऱ्यांनी हा इतिहास ध्यानी घ्यावा.

वतन गेले, परंतु वेठ गेली काय? कळंब, वाशी, भूम, परंडा या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो; दोन माणसांचे मिळून एक अवजार! मुकादमाकडून उचल घेतलेली असते. आजारपणाने काम चुकले तर ‘खाडा’ कापला जातो. हंगाम संपला तरी उचल फिटत नाही आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाणे भाग पडते. हिशेबाची वही मुकादमाच्या हाती असते. राबणाऱ्याच्या हाती कागदाचा एक चिटोराही नसतो. प्रत्येक उचल ही वेठ होय, असे आमचे म्हणणे नाही. परंतु ज्या उचलीपोटी माणसाला काम सोडून जाण्याची मुभा उरत नाही, ती वेठच होय.

या बाबतीत आपला स्वतःचा कायदा दुबळा नाही. संविधानाचे अनुच्छेद 23 वेठीस मनाई करते. 1976 च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने वेठबिगार मजूर मुक्त झाला असून त्याचे वेठीचे कर्ज नष्ट झाले आहे. इतकेच नव्हे, तर कर्ज वेठीचे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार त्या कायद्याच्या कलम 15 ने सावकारावर टाकला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली निर्णय दिला की, किमान वेतनाहून कमी मजुरीवर घेतलेले काम हीसुद्धा सक्तीची मजुरीच होय. अनुसूचित जातीच्या माणसाकडून वेठ करून घेणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. नव्याने धम्म स्वीकारलेल्या कुटुंबांना येथे एक शंका येते, ती आम्ही दूर करू इच्छितो. 1990 च्या दुरुस्तीनंतर बौद्ध झाल्यामुळे अनुसूचित जातीचे कायदेशीर संरक्षण जात नाही. धम्म स्वीकारला म्हणून फिर्याद गमावली, असे कोणी सांगेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

मग युरोपचे प्रयोजन काय? त्याचे उत्तर एका तत्त्वात आहे. 1949 साली स्थापन झालेल्या युरोप परिषदेच्या राष्ट्रांनी 1950 साली रोम येथे मानवी हक्कांचा करार केला आणि 1959 साली स्ट्रासबुर्ग येथे न्यायालय उभारले. त्या कराराचे चौथे कलम गुलामी व सक्तीची मजुरी यांना मनाई करते. टोगो देशातून आलेल्या एका मुलीला पॅरिसमधील एका घरात विनावेतन राबविले गेले. तेव्हा 2005 साली त्या न्यायालयाने, तिचे संरक्षण केले नाही म्हणून, प्रत्यक्ष फ्रान्सच्या शासनाला दोषी ठरविले. एका मोलकरणीपुढे एका राष्ट्राला उत्तर द्यावे लागले. कायद्याचे राज्य ते हेच.

आता युरोपीय संघाने 2024 साली नियम केला आहे की, सक्तीच्या मजुरीतून निघालेला माल, मग तो कोणत्याही देशातला असो, त्यांच्या बाजारात विकता येणार नाही. 14 डिसेंबर 2027 पासून तो लागू व्हावयाचा आहे, आणि त्याखाली कोणीही व्यक्ती वा संस्था माहिती देऊ शकते. याला परकीय हस्तक्षेप म्हणणाऱ्यांना आमचा एकच प्रश्न आहे. सक्तीच्या मजुरीविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार भारताने 1954 साली स्वखुशीने स्वीकारला. तो काय केवळ दप्तरात ठेवण्यासाठी? दिलेल्या वचनाची आठवण करून देणारा माणूस शत्रू ठरत नाही.

तथापि या नियमात एक धोका आहे. व्यापारी धास्तावून केवळ खरेदी थांबवतील, तर मुकादमाचे काही बिघडणार नाही. मजुराची चूल मात्र विझेल. यास्तव आपली मागणी बहिष्काराची नसावी. बुडालेली मजुरी द्या, लेखी करार करा, वही उघडी करा, अशी ती असावी.

आणि ती मागणी पुराव्यावाचून उभी राहत नाही. ब्रुसेल्सला काय किंवा कळंबच्या तहसील कचेरीला काय, कागद लागतो. म्हणून प्रत्येक विहाराने टोळी निघण्यापूर्वी नोंद करावी: कोण गेला, कोणाबरोबर गेला, उचल किती, दर काय. परत आल्यावर किती टन तोडले व हाती काय पडले, हेही लिहावे. शाळेत जाणाऱ्या मुला-मुलींनी ही वही लिहावी. जिल्हाधिकाऱ्यांवर व दक्षता समितीवर कायद्याने टाकलेले कर्तव्य याच नोंदीच्या आधारे मागता येईल. तेथे दाद न लागल्यास न्यायालय आहे, आणि त्यानंतर जग आहे. हा क्रम उलटा करू नये. युरोप फार तर साक्षीदार होऊ शकेल. फिर्यादी आपणच व्हावयास हवे.