आज्जाचा व्हाइस

दिवाळीत कोल्हापूरला गेलो तेव्हा काका उद्यमनगरातलं आज्जाचं वर्कशॉप रिकामं करत होते. भंगारवाला काटा घेऊन दारातच. त्याने बेंच व्हाइसला (जुने लोक शेगडा म्हणतात) हात घातला आणि मी मध्ये पडलो. काका म्हणाले, "अरं, पुण्यात फ्लॅटमधी कुठं ठेवणार हाईस त्यो?" प्रश्न बिनतोड होता. तरी आणला.

वायर ब्रशने घासल्यावर मागच्या अंगावर अक्षरं दिसली: रेकॉर्ड, मेड इन इंग्लंड. अर्ध्या तासात नेटवर कुंडली मिळाली. शेफिल्डची सी. अँड जे. हॅम्प्टन ही कंपनी, 'रेकॉर्ड' हा तिचा १९०९ पासूनचा ट्रेडमार्क. तिकडे हौशी लोक असे व्हाइस शोधून, रंगवून जपतात.

पण पुढचा, सरकणारा जबडा कोरा! काकांना फोन लावला. म्हणे फार पूर्वी कुणीतरी हँडलला पाइप घालून करकचून आवळला आणि जबडा तुटला. बिडाचं असंच असतं. दाब कितीही सोसेल, ताण आला की न सांगता तुटतं. मग उद्यमनगरातच नवा ओतून घेतला.

हे वाटतं तितकं सोपं नाही हां. तुटलेला तुकडा जोडून तसाच वाळूत दाबला तर चालत नाही, कारण बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. लाकडी पॅटर्न तेवढा मोठा करायचा, वर मशीनिंगसाठी जादा माल ठेवायचा, मग मागच्या अंगात अडकणार नाही आणि डुगडुगणारही नाही असा बसवायचा. आजही तो लोण्यासारखा सरकतो.

"कुणी केला?" म्हटलं. "असंल कुणीतरी मिस्त्री."

इथे माझं डोकं फिरलं. आमच्याकडे कोडची फालतू ओळ कुणी लिहिली तेही एका कमांडमध्ये कळतं. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात १९१८ मध्ये मूव्ही कॅमेरा बनवला हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्यांचं नाव टिकलं ते पुढे 'सैरंध्री'सारखे सिनेमे आले म्हणून. ज्याने जबडा ओतला त्याचा सिनेमा कोण काढणार?

आज शिरोली, गोकुळ शिरगावातून गाड्यांचे सुटे भाग ट्रक भरभरून जातात. त्यांवर काय उमटवायचं ते गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग ठरवतं, मान्य. धंदा आहे. पण घरातल्या वहीत लिहायला कुणाची परवानगी लागते? आज्जाने उधारीचा हिशेब पैशापैशाने लिहून ठेवलाय. मिस्त्रीचं नाव मात्र नाही. आणि खरं सांगायचं तर तो असताना मीही कधी विचारलं नाही.

असो. काकांच्या ओळखीचे एक म्हातारे मोल्डर शिरोलीत राहतात. येत्या शनिवारी जबडा पिशवीत घालून त्यांच्याकडे चाललोय.