माश्या बांधण्याचा उद्योग

आमच्या घरात माश्या मारत नाहीत, बांधतात, असं मावशी म्हणते. गळावर दोऱ्याने पिसं बांधून नकली किडा करायचा, तो पाण्यावर फेकायचा आणि मासा फसायची वाट बघायची. या किड्याला इंग्रजीत 'फ्लाय' म्हणतात.

या नादाला लागलेल्या माणसापुढे कधीतरी 'जंगल कॉक'चं नाव निघतंच. म्हणजे आपला राखी रानकोंबडा हो! ताम्हिणी, भीमाशंकरच्या रानात पहाटे आरवतो तोच. त्याच्या मानेच्या पिसांवर मेण ओतल्यासारखे चकचकीत पिवळट ठिपके असतात. सॅमन माशाच्या फ्लायवर डोळे म्हणून साहेबाला ते फार आवडले, आणि आपल्याकडची पिसं बोटीने विलायतेला जाऊ लागली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्याला संरक्षण आहे. तरीही "एखादं पीस मिळेल का?" असं हळूच विचारणारे भेटतात. मला त्यांचा राग येतो. एका छंदापायी रानातला पक्षी मारायचा?

आणि मुळात त्या पिसाची गरजच नाही. फ्लाय टिकते ती बांधणीवर.

आधी गळाच्या दांडीवर दोऱ्याचा एक थर द्यावा, नाहीतर गुळगुळीत लोखंडावर पीस घसरतं. मग पिसाच्या बुडाची लव ओरबाडून काढायची. उघडी पडलेली काडी गोल असते, म्हणून ती दोऱ्याखाली लोळते. नखाने दाबून चपटी केली की गुमान बसते. पीस चिमटीत धरून दोरा चिमटीतूनच वर न्यायचा, सैल फास ठेवायचा, पलीकडून खाली आणायचा आणि मग सरळ खाली ओढायचा. चिमूट सोडायची नाही. सोडली की पीस पलीकडच्या बाजूला कललंच म्हणून समजा. दोन-तीन घट्ट वेढ्यांनंतर काडी मागे दुमडून तिच्यावर पुन्हा वेढे द्यायचे. आता ओढलं तरी पीस निसटत नाही. उगाच वीस सैल वेढे देऊन वर गोंद थापणाऱ्यांचं मला काही कळत नाही. शेवटच्या गाठीवर वॉर्निशचा एक थेंब पुरे.

गळून पडलेल्या मोरपिसाचे तंतू सुंदर दिसतात, पण माशाच्या दातांनी पटकन तुटतात. ते दोऱ्याबरोबर पिळून गुंडाळायचे आणि वरून तांब्याची बारीक तार उलट्या दिशेने फिरवायची. वाइंडिंगची तार तपकीर गल्लीत मिळते.

राहिला डोळा. कोंबडीच्या पांढऱ्या पिसावर पिवळ्या नेलपॉलिशचा ठिपका द्या. पाण्याखालचा मासा काही जात विचारत नाही.

आमचा चिकनवाला आता मला बघितलं की पिशवीच पुढे करतो. पण त्याच्याकडे सगळी ब्रॉयलरची मऊ पिसं. नातेवाईक मंडळींपैकी गावाकडे कोणी गावरान कोंबडा कापणार असेल, तर मानेची पिसं तेवढी ठेवा. धुऊन, वाळवून, डांबरगोळीसकट.