संगम गृहीत धरू नका

‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात आणि आता विज्ञानही तेच म्हणू लागले आहे’, या वाक्याला आपल्याकडे कीर्तनात आणि व्याख्यानमालेत सारखीच टाळी पडते. पाठोपाठ नद्यांचा दाखला येतो: वाटा अनेक, सागर एक. म्हैसूर जिल्ह्यात टी. नरसीपूरला कावेरी आणि कपिला खरोखरच एकमेकींना मिळतात. पण तो संगम डोळ्यांना दिसतो. दर्शने मिळतात की नाही हेच तर सिद्ध करायचे असते, आणि दाखल्यात नेमके तेच गृहीत धरलेले असते. या संगमापासून जवळच सोसले येथे व्यासराज मठाचे पीठ आहे. ज्या व्यासतीर्थांचे नाव हा मठ चालवतो, त्यांनी या सोप्या ऐक्याला तर्काच्या बळावर नकार दिला होता.

विजयनगरात कृष्णदेवरायाच्या काळी मान्यता पावलेले आणि १५३९ मध्ये निवर्तलेले व्यासतीर्थ मध्वमताचे. या मतात ईश्वर, जीव आणि जड यांच्यातले पाच भेद खरे आहेत. मोक्षातही जीव ईश्वर होत नाही. अद्वैतमतात भेद शेवटी मिथ्या ठरतो. व्यासतीर्थांनी ‘न्यायामृत’ लिहिले आणि अद्वैत्यांनी केलेल्या मिथ्यात्वाच्या पाच व्याख्या एकेक करून तपासल्या, खोडल्या. मधुसूदन सरस्वतींनी ‘अद्वैतसिद्धी’त त्या आक्षेपांना क्रमाने उत्तर दिले. त्यावर रामाचार्यांची ‘तरंगिणी’ आली आणि तिला ब्रह्मानंदांनी प्रत्युत्तर दिले. एवढ्या विद्वानांनी आयुष्ये वेचली, ती एकच गोष्ट दोन शब्दांत सांगण्यासाठी, असे म्हणणे हा उदारपणा नव्हे. तो दोन्ही बाजू न वाचण्याचा आळस आहे. यावर एक चतुर उत्तर दिले जाते: व्यवहारात भेद, परमार्थात अभेद, म्हणजे दोघेही आपापल्या पायरीवर खरे. पण ही तडजोड म्हणजे अद्वैताचाच सिद्धान्त आहे. तिच्यात द्वैतवाद्याला सन्मानाने खालच्या पायरीवर बसवलेले असते. समन्वयाच्या बहुतेक योजना अशाच असतात: सर्वांना जागा मिळते, वरचे आसन मात्र मांडणाऱ्याचे.

विज्ञानाची साक्षही अशीच ओढूनताणून काढली जाते. भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंजरला वेदान्ताची ओढ होती, हे खरे. पण १९२६ साली त्याने मांडलेले समीकरण ज्याने उपनिषद कधी उघडले नाही त्याच्याही हाती तेच उत्तर देते. वेदान्त त्याच्या मनाचा विसावा असेल, समीकरणाचा पुरावा नाही.

मग सामाईक काहीच नाही का? आहे, पण ते निष्कर्षांत शोधू नये. जो विधान करतो त्याने दुसऱ्याला तपासता येईल असे कारण द्यावे, आणि खोडण्याआधी दुसऱ्याचे म्हणणे त्याला पटेल असे मांडावे, ही अट खरी सामाईक आहे. चौदाव्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’चा कर्ता अद्वैती, तरी त्याने आरंभ चार्वाकापासून केला आणि मध्वांच्या दर्शनालाही स्वतंत्र प्रकरण दिले. वेद हे प्रमाण बौद्धांना मान्य नाही, अनुमानावर चार्वाकाचा विश्वास नाही. पण तेही आपला नकार कारण देऊनच मांडतात. मध्वमताचा एक युक्तिवाद इथे मोलाचा वाटतो: शास्त्र ज्या प्रत्यक्षाच्या आधाराने उभे राहते, त्या प्रत्यक्षालाच ते खोटे ठरवू शकत नाही. विज्ञानातही हीच शिस्त दिसते: १८८७ साली भौतिकशास्त्रज्ञ मायकेलसन आणि त्याचा सहकारी मोर्ली प्रकाशाचे माध्यम मानल्या गेलेल्या ईथरमधून होणारी पृथ्वीची गती मोजायला निघाले, अपेक्षित फरक मिळाला नाही, आणि तसेच त्यांनी छापले. मायकेलसनचा ईथरवरचा जीव त्यानंतरही सुटला नाही; पण आपल्या ओढीसाठी त्याने निकाल वाकवला नाही.

कोणी म्हणेल, ही वादसभा संस्कृत जाणणाऱ्या मूठभरांची होती. आक्षेप बरोबर आहे, आणि तो त्या सभेच्या दारांवर आहे. कारण मागण्याच्या रीतीवर नाही. उलट त्याच रीतीने दारांचाही जाब विचारता येतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मतभेद खरे मानले तर माणसे एकमेकांच्या जिवावर उठतील, म्हणून एकच सत्य शिकवावे. याला जोतीराव फुल्यांनी उत्तर देऊन ठेवले आहे. १८९१ साली, त्यांच्या निधनानंतर निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी एक कुटुंब कल्पिले आहे. त्यात पत्नी बौद्ध, पती ख्रिस्ती, कन्या मुसलमान आणि पुत्र सत्यधर्मी होतो, तेही ज्याचा त्याने ग्रंथ वाचून. चौघांनी प्रेमाने राहावे, एवढीच फुल्यांची अपेक्षा. चौघांचे ग्रंथ एकच सांगतात असे मानण्याची सक्ती ते करत नाहीत. दया, सत्य, चोरी न करणे यांवर धर्मांचे बरेच एकमत आहे, तेही आचरणातले आहे. त्याची कारणे प्रत्येकजण वेगळी देतो, आणि ती वेगळी राहिल्याने शेजारधर्माचे काही बिघडत नाही.

व्यासतीर्थ आणि मधुसूदन यांच्यात तडजोड झाली नाही. तरीही ‘न्यायामृत’ बाजूला ठेवून ‘अद्वैतसिद्धी’ नीट लागत नाही, म्हणून हे दोन्ही विरोधी ग्रंथ एकत्र छापलेले आढळतात.